फ्रिजमधले अन्न आणि घरातील वडीलधारी माणसे

फ्रिजमध्ये कोणते पदार्थ ठेवावेत आणि कोणते ठेवू नयेत, हा विषय वरवर पाहता अगदी साधा वाटतो. परंतु ज्या घरात सत्तरी ओलांडलेले माणूस आहे, आणि ते दिवसाचा बराच वेळ एकटे असते, त्या घरात या विषयाला औषधपाण्याइतकेच महत्त्व येते. माझी आत्या रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडजवळच्या हिरकणीवाडीत राहते. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही मुले मुंबईत नोकरीला. मी महाडला राहते, म्हणून तिच्याकडे लक्ष देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आठवड्यातून दोनदा मी वाडीवर जाते आणि गेल्यावर सर्वांत आधी तिचा फ्रिज उघडून पाहते. या सवयीमागे एक कारण आहे. ते ओघात येईलच.

ज्या हिरकणीच्या नावाने ही वाडी ओळखली जाते, ती कथेतली गवळण गडावर दूध घालायला गेली होती, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल होते, म्हणून ती रात्रीच्या अंधारात कडा उतरून आली. कथेतील आईच्या मायेकडे आपले लक्ष जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या कथेत दुधाचा स्वभावही आहे. दूध त्याच दिवशी खपवावे लागे. उरले तर विरजायचे, दही घुसळायचे, ताक त्या दिवशी प्यायचे, लोणी कढवून तूप करायचे. नाशवंत पदार्थाला हळूहळू टिकाऊ रूप देण्याची ही रीत होती.

फ्रिज येण्याआधी या घरांत अन्न राखण्याची अशी एक संपूर्ण व्यवस्था होती. भात आणि नाचणी कणगीत, कोकमे मीठ लावून वाळवून बरणीत, आंबोशी उन्हात सुकवून, सुके बोंबील आणि सुकट हवाबंद डब्यात, दूधदुभते मांजराच्या आवाक्याबाहेर शिंक्यावर. सुकवणे, खारवणे, आंबवणे आणि तेलात मुरवणे ही चार सूत्रे त्यात होती. या प्रत्येकात जंतूंना वाढायला लागणारे पाणी तरी काढून घेतले जाते किंवा त्यांना न मानवणारी आंबट-खारट स्थिती तरी निर्माण केली जाते. आत्या या शास्त्रात आजही पारंगत आहे. अडचण येते ती फ्रिजपाशी. कारण फ्रिजचे तत्त्व या चारांहून वेगळे आहे, आणि ते तिला कोणीच समजावून सांगितले नव्हते. मुलांनी फ्रिज घेऊन दिला, वायर जोडली, आणि ती परत गेली.

फ्रिज जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ मंदावतो. साधारण ५ अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंतच्या तापमानात बहुतेक रोगजंतू वेगाने वाढतात. म्हणून फ्रिजच्या आतील तापमान ४ अंशांच्या आसपास असावे आणि बर्फाच्या कप्प्याचे उणे १८ अंश. फ्रिजमध्ये जाण्यापूर्वी अन्नात जंतू वाढले असतील, तर ते तसेच राहतात. काही जंतूंनी सोडलेले विषही तसेच राहते. लिस्टेरियासारखा एखादा जंतू तर थंडीतही सावकाश वाढू शकतो. तेव्हा 'फ्रिजमध्ये ठेवले आहे' एवढ्याने अन्न सुरक्षित ठरत नाही. ते फ्रिजमध्ये केव्हा ठेवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आत्याने सकाळी नेहमीप्रमाणे दोन वेळचा भात केला. दुपारी थोडा खाल्ला आणि उरलेला पातेल्यातच चुलीशेजारी झाकून ठेवला. संध्याकाळी लग्नाचे बोलावणे आले, म्हणून पातेले फ्रिजमध्ये सरकवून ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भात फोडणीला घालून खाल्ला आणि काही तासांतच उलट्या व जुलाब सुरू झाले. शेजारणीने मला फोन केला तेव्हा तिची जीभ कोरडी पडली होती आणि ती बोलताना अडखळत होती. महाडला आणून दोन दिवस शिरेतून सलाईन द्यावे लागले. डॉक्टरांनी काय खाल्ले ते विचारले, तेव्हा ती मोठ्या विश्वासाने म्हणाली, "अहो, फ्रिजमधलाच होता. बाहेरचा नव्हता."

डॉक्टरांचा संशय त्या भातावर होता. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. शिजवताना ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला, की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतील एक विष असे आहे की, ते पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. मे महिन्यातल्या कोकणच्या उकाड्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेला भात फ्रिजमध्ये गेला, तेव्हा जे व्हायचे ते बहुधा आधीच होऊन गेले होते.

आपण म्हणाल, शिळा भात तर पिढ्यान् पिढ्या खाल्ला जात आहे. आत्याही हेच म्हणाली. यावर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक तर पूर्वी रात्रीच्या भातात पाणी किंवा ताक घालून तो आंबवून सकाळीच संपवत. आंबटपणामुळे अनेक जंतूंना आळा बसतो. दुसरे असे की, त्या काळी जुलाब-उलट्यांनी गेलेल्या लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची कारणे कोणी लिहून ठेवली नाहीत. हे बोलणे निघाले तेव्हा आत्या थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने आपल्या धाकट्या भावाची आठवण काढली. तो चार वर्षांचा असताना एका रात्रीत गेला होता. घरात त्याला 'नजर लागली' असेच म्हटले जाई.

वृद्धांच्या बाबतीत हा धोका का वाढतो, हे देखभाल करणाऱ्यांनी समजून घ्यावे. वाढत्या वयात रोगप्रतिकारशक्ती मंदावते. अनेकांच्या पोटातील आम्ल कमी होते, आणि पित्तासाठीच्या गोळ्या चालू असतील तर ते आणखी कमी होते. त्यामुळे अन्नातून आलेले जंतू पोटात मरण्याची शक्यता घटते. वास आणि चव यांची जाणीव क्षीण होते, म्हणून 'आंबूस लागले असते तर कळले असते' हा भरवसा उरत नाही. तहान कमी लागते, त्यामुळे शरीरातील पाणी थोडे जरी गेले तरी मूत्रपिंडावर ताण येतो. तरुणाला जो त्रास एका दिवसात निभावतो, तो म्हाताऱ्या माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि कर्करोगावर उपचार घेणारे यांना तर हे अधिकच लागू आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फ्रिजमध्ये काय ठेवावे?

शिजवलेले अन्न हे पहिले. भात, वरण, उसळ, भाजी, कालवण यांपैकी काही उरणार असेल तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे. कडक उन्हाळ्यात, पारा ३२ अंशांच्या वर असताना, एका तासाच्या आत. मोठे पातेले तसेच ठेवले तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. म्हणून अन्न लहान, पसरट डब्यांत काढावे. डबा थोडा वेळ थंड पाण्याच्या परातीत ठेवला की लवकर निवतो. हे अन्न एक-दोन दिवसांत संपवावे, आणि भात शक्यतो दुसऱ्या दिवशीच. खाताना लागेल तेवढेच काढून वाफा येईपर्यंत गरम करावे. तोच पदार्थ पुन्हा पुन्हा गरम करून पुन्हा पुन्हा आत ठेवू नये.

दूध तापवून, निववून, झाकून आत ठेवावे. दाराच्या कप्प्यात मात्र ते ठेवू नये. दार उघडताना सर्वांत जास्त उबदार होणारी जागा तीच. दूध आतल्या बाजूला असावे. दही, ताक, पनीर, लोणी यांचीही जागा आतच. खवलेला ओला नारळ फार लवकर खवट आणि बुळबुळीत होतो. तो एका वेळेपुरत्या लहान पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात टाकावा. चिरलेले कलिंगड, पपई, कापलेला आंबा हे चिरल्याबरोबर नाशवंत होतात, त्यांना झाकून आत ठेवावे. पालेभाज्या निवडून, कोरड्या करून, कापडात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. मळलेली कणीक एक दिवसापलीकडे ठेवू नये. अंडी आत ठेवलेली बरी.

मासळीविषयी थोडे अधिक सांगायला हवे. महाड-पोलादपूरच्या आतल्या वाड्यांवर मासळी किनाऱ्यावरून टोपलीत किंवा दुचाकीवर येते, आणि वाटेत बर्फ कमी पडला तर ती आपल्या दारात येईपर्यंतच उतरलेली असते. बांगडा, सुरमई, कुपा यांसारख्या माशांत अशा वेळी हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर अंगावर चट्टे येणे, चेहरा लाल होणे, डोके ठणकणे हा त्रास त्यामुळेच होतो; पुष्कळदा त्यालाच आपण माशाची 'अॅलर्जी' म्हणतो. तेव्हा मासळी बर्फातलीच घ्यावी, आणल्याबरोबर साफ करून झाकणाच्या डब्यात सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी. कच्च्या मासळीचे किंवा मटणाचे पाणी शिजवलेल्या अन्नावर ठिबकता कामा नये, म्हणून तिची जागा खाली आणि शिजवलेल्याची वर.

आता फ्रिजमध्ये काय ठेवू नये ते पाहू. कांदे आणि लसूण यांना कोरडी, हवेशीर जागा लागते. फ्रिजमधल्या दमट हवेत ते मऊ पडतात, त्यांना कोंब आणि बुरशी येते. बटाट्यांना अंधार आणि गारवा हवा, पण फ्रिजइतकी थंडी नको. त्या थंडीत त्यांतील पिष्टाची साखर होऊ लागते, बटाटा गोडसर लागतो आणि तळताना लवकर काळपट होतो. बटाटे आणि कांदे एकाच टोपलीत ठेवू नयेत. केळी थंडीने काळी पडतात. पिकायला घातलेले आंबे आढीतच पिकावेत. पूर्ण पिकल्यावर एक-दोन दिवसांसाठी आत ठेवायला हरकत नाही. टोमॅटोही बाहेरच पिकवावेत, थंडीत त्यांची चव उतरते. पाव फ्रिजमध्ये लवकर कडक होतो. दोन दिवसांत संपणारा पाव बाहेर बंद डब्यात राहू द्यावा. मधाला फ्रिजची गरज नाही, तिथे त्याचे खडे होतात. खोबरेल तेल गोठते. तूप, गूळ, कोकमे, आंबोशी, पापड आणि तेलात बुडालेले लोणचे यांना तर आपल्या पूर्वजांनी फ्रिजशिवायच टिकाऊ केले आहे. मात्र लोणच्यावर तेलाचा थर कमी झाला असेल, किंवा पथ्य म्हणून मीठ-तेल कमी घातले असेल, तर त्याला फ्रिज लागतो.

हे सर्व बाहेर काढले तेव्हा आत्याचा फ्रिज अर्धा रिकामा झाला. ते चांगलेच झाले. गच्च भरलेल्या फ्रिजमध्ये थंड हवा फिरत नाही आणि कोपऱ्यातले डबे थंडच होत नाहीत. शिवाय मागे काय आहे ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या डब्यातूनच आजार येतो.

औषधांची बाब वेगळी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, परंतु ते गोठता कामा नये. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ते कधीही ठेवू नये, आणि एकदा गोठलेले पुन्हा वापरू नये. वापरात असलेली कुपी किंवा पेन सामान्यतः २५ ते ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते. नेमका काळ त्या औषधाच्या माहितीपत्रकात पाहावा. डोळ्यांच्या काही थेंबांनाही थंडी लागते, पण सर्वच औषधांना नाही. गोळ्या फ्रिजमध्ये ठेवल्यास त्यांना दमटपणा बाधतो. औषधांसाठी एक स्वतंत्र, झाकणाचा डबा करावा आणि तो खाद्यपदार्थांपासून दूर ठेवावा.

आमच्या भागात फ्रिजचा विचार विजेवाचून करता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. अशा दिवसांत फ्रिजमधले अन्न हा कोणाच्याही चिंतेचा शेवटचा विषय असतो. नेमक्या त्याच वेळी, जेव्हा रस्ते बंद असतात आणि दवाखाना दूर होतो, तेव्हा खराब अन्न सर्वांत महागात पडते.

म्हणून हे नियम पावसाळ्यापूर्वीच घरातल्या माणसांना सांगून ठेवावेत. वीज गेली की फ्रिज उघडू नये. दार बंद राहिले तर आतली थंडी सुमारे चार तास टिकते. स्वतंत्र डीप फ्रीझर असेल, तर तो भरलेला असताना सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला असताना सुमारे २४ तास थंड राहतो. चार तासांहून अधिक काळ वीज नसेल, तर दूध, शिजवलेले अन्न, मासळी, मटण हे टाकून द्यावे. चाखून पाहू नये. पुराचे पाणी लागलेले अन्न झाकणाच्या डब्यातले असले तरी खाऊ नये. इन्सुलिनचा डबा ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बेताने, कोरडा ठेवता येतो. जून ते सप्टेंबर या काळात आत्याच्या घरी आम्ही फ्रिजवर अवलंबून असणारे अन्न कमीच ठेवतो. त्या महिन्यांत तिची कणगी, कोकमे आणि सुकट हाच खरा साठा असतो, आणि हे ती माझ्यापेक्षा चांगले जाणते.

जुलाब-उलट्या सुरू झाल्याच, तर डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत औषधाच्या दुकानातील ओआरएसचे पाणी घोट घोट द्यावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा असावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती पाणी द्यायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. लघवी फार कमी होणे, गुंगी येणे, रक्त पडणे यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत अवघड गोष्ट. नियम सांगणे सोपे असते. वडीलधाऱ्या माणसाच्या देखत त्यांनी जपून ठेवलेले अन्न टाकणे सोपे नसते. आत्याच्या पिढीने भुकेचे दिवस पाहिले आहेत. अन्न टाकणे म्हणजे पाप, ही तिची श्रद्धा आहे, आणि ती श्रद्धा वाईट नाही. पहिल्यांदा मी तिचा फ्रिज साफ करू लागले तेव्हा ती काही बोलली नाही, पण दुपारी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "माझ्या घरात काय राखायचं नि काय टाकायचं, ते आता तू ठरवणार का गं?" त्या प्रश्नात रागापेक्षा भीती अधिक होती. हातून एकेक काम सुटत चाललेले असताना स्वयंपाकघर हेच शेवटचे राज्य उरते, आणि तिथेही कोणी शिरले की माणूस कोलमडते.

यावर आम्ही दोघींनी मिळून एक वाट काढली. ती आपल्यालाही उपयोगी पडेल. टाकण्याचा निर्णय तिचाच. मी केवळ विचारते, "आत्या, हे केव्हाचं?" तिला अक्षरे दिसत नाहीत, म्हणून डब्यांवर तारखा लिहिण्यात अर्थ नव्हता. वरचा कप्पा आजचा, मधला कालचा, अशी सोय केली. रोज सकाळी चहा झाला की ती स्वतः वरचे डबे मध्ये सरकवते; मधल्या कप्प्यात आधीचे काही उरलेले असेल, तर ते गोठ्यातल्या पाटीत जाते. कुजलेले, बुरशी आलेले मात्र गुरांनाही न घालता खतखड्ड्यात. अन्न वाया गेले असे तिला वाटत नाही. ते मातीला मिळाले असे ती म्हणते. आणि मुळात भात मोजून, एका वेळेचाच शिजवायचा, हा बदल तिने आपणहून केला. दोन मुठींचा भात आणि एक लहान पातेले, एवढ्याने फ्रिजचा निम्मा प्रश्न सुटला.

पाचाडला जिजाऊंचा वाडा आहे. गडावरची थंड हवा त्यांना उतारवयात मानवेना, म्हणून महाराजांनी तो पायथ्याशी बांधला, असे आमच्याकडे सांगतात. घरातल्या वयस्क माणसाला काय सोसते ते ओळखून व्यवस्था बदलावी, आणि ती त्यांचा मान राखून बदलावी, एवढाच बोध मी त्यातून घेते. आपल्या घरी आई-वडील, सासू-सासरे किंवा आत्या-मावशी एकट्या राहत असतील, तर पुढच्या भेटीत त्यांच्यासोबत बसून फ्रिज एकदा उघडा. कांदे-बटाटे टोपलीत काढा, दूध दारातून आत सरकवा, औषधांना वेगळा डबा द्या, आणि प्रत्येक डब्याविषयी त्यांनाच विचारा. अर्ध्या तासाचे हे काम आहे. ते करता करता त्या काय खातात, काय खात नाहीत आणि कोणत्या दिवशी जेवायचे टाळतात, हेही आपल्याला कळेल. आणि पुष्कळदा तेच कळणे अधिक गरजेचे असते.